लाल शाईचा शेरा आणि दुसरी संधी

अमली पदार्थांच्या सेवनावरून लष्करातून काढलेल्या जवानाची शिक्षा तुरुंगातून किंवा पलटणीतून बाहेर पडल्यावर संपत नाही. एका कागदाच्या रूपाने ती त्याच्यामागोमाग घरी येते. हा कागद पुढे कधी दुरुस्त करून घेता येतो का, आणि येत नसल्यास ती सोय असावी का, याचा हा ऊहापोह.

सेना अधिनियम, १९५० च्या तेविसाव्या कलमाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. सेवा संपलेल्या प्रत्येक जवानाला त्याच्या कमांडिंग ऑफिसरने एक दाखला द्यावा, असे हे कलम सांगते. सेवा कोणत्या अधिकाऱ्याने संपवली, कोणत्या कारणास्तव संपवली आणि जवानाने एकूण किती काळ नोकरी केली, या तीन गोष्टी त्या दाखल्यात असाव्यात. शिवाय हा दाखला जवानाच्या मातृभाषेत आणि इंग्रजीत, असा दोन्ही भाषांत द्यावा, असेही कायदा बजावतो. म्हणजेच मराठी जवान घरी परततो तेव्हा त्याच्या सेवेचा शेवट मराठीत लिहिलेला असतो. सन्मानाने निवृत्त झालेल्याच्या घरी तो कागद अभिमानाने जपला जातो. गैरवर्तनावरून काढलेल्याच्या घरी तोच कागद पेटीच्या तळाशी जातो आणि नोकरीच्या अर्जाच्या वेळी नाइलाजाने बाहेर निघतो.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात हा प्रश्न दूरचा नाही. उल्हासनगर हे शहरच मुळी दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागेवर उभे आहे. ‘कल्याण कॅम्प’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या बराकींमध्ये फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आसरा मिळाला आणि १९४९ साली त्या वसाहतीला आजचे नाव देण्यात आले. आजही तेथील माणूस पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर पाच’ असेच म्हणतो. शेजारच्या अंबरनाथला आयुध निर्माणी आहे आणि लष्करी यंत्रसामग्री घडवणारा दुसरा सरकारी कारखानाही आहे. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन हे दोन्ही कारखाने सरकारी कंपन्यांकडे गेले. लष्कराशी असे जुने नाते सांगणाऱ्या या भागात लष्करातून परतलेल्या माणसाला पहिली नोकरी बहुधा कारखान्याच्या फाटकावर किंवा गृहसंकुलाच्या चौकीत मिळते. अंबरनाथ आणि बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींना पहारेकऱ्यांची गरज असते आणि गणवेशाची सवय असलेल्या माणसाला मालकवर्ग पसंती देतो. नेमकी हीच वाट गैरवर्तनाचा शेरा असलेल्यापुढे बंद होते. ती कशी बंद होते, हे पाहण्याआधी लष्करातून माणूस बाहेर पडण्याच्या तऱ्हा समजून घेतल्या पाहिजेत.

बडतर्फी आणि सेवामुक्ती

बोलीभाषेत आपण ‘फौजेतून काढले’ एवढेच म्हणतो. कायद्याच्या लेखी मात्र त्यात महत्त्वाचे भेद आहेत. पहिला प्रकार बडतर्फीचा. ती सेना न्यायालयाच्या शिक्षेने होते किंवा अधिनियमाच्या विसाव्या कलमाखाली प्रशासकीय आदेशाने होते. दुसरा प्रकार सेवामुक्तीचा. ती सेना नियम, १९५४ मधील तेराव्या नियमाखाली होते. मुदत पूर्ण झालेला जवान याच नियमाखाली सुटतो आणि ‘यापुढे सेवेची आवश्यकता नाही’ असे म्हणून ज्याला बाहेरचा रस्ता दाखवला जातो, तोही याच नियमाखाली. मात्र या दुसऱ्या बाबतीत, परिस्थिती अनुकूल असल्यास, ब्रिगेड कमांडरने आधी जवानाला कारणे दाखवण्याची संधी द्यावी, असा दंडक आहे.

हा भेद केवळ शब्दांचा नाही, त्याला पैशाचा आधार आहे. निवृत्तिवेतनाच्या नियमांनुसार बडतर्फ झालेल्या जवानाची आधीची सारी सेवा निवृत्तिवेतनासाठी वाया जाते. अपवादात्मक परिस्थितीत राष्ट्रपतींनी स्वेच्छाधिकाराने काही मंजूर केले तरच हाती काही लागते. उलट, सेवामुक्त झालेला जवान पंधरा वर्षांची अर्हताकारी सेवा पूर्ण करून बसला असेल, तर निवृत्तिवेतनास पात्र राहतो. सोळाव्या वर्षी घसरलेल्या माणसाच्या कुटुंबासाठी ‘बडतर्फ’ आणि ‘सेवामुक्त’ या दोन शब्दांमधील अंतर म्हणजे उरलेल्या आयुष्याची शिधासामग्री होय.

अमली पदार्थांचे प्रकरण या दोन्ही वाटांनी चालू शकते. नशेच्या अवस्थेत सापडणे हा अधिनियमाच्या अठ्ठेचाळिसाव्या कलमाखाली गुन्हा आहे आणि त्याला कमाल दोन वर्षांची कैद आहे. जवान कर्तव्यावर किंवा प्रत्यक्ष आघाडीवरील सेवेत नसेल, तर ही मर्यादा सहा महिन्यांची. त्रेसष्टावे कलम शिस्तभंगाचे असून ते बरेच व्यापक आहे. एकोणसत्तराव्या कलमाच्या आधारे नागरी कायद्यातील गुन्हा, म्हणजे अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्याखालील गुन्हादेखील, सेना न्यायालयापुढे चालवता येतो. याखेरीज कमांडिंग ऑफिसर स्वतः किरकोळ प्रकरणे निकालात काढून अठ्ठावीस दिवसांपर्यंत कोठडी देऊ शकतो. अशा शिक्षांपैकी गंभीर शिक्षा जवानाच्या वर्तणूकपत्रकात लाल शाईने नोंदवल्या जातात. पलटणीत ज्याला ‘रेड इंक एंट्री’ म्हणतात, ती हीच. अशा चार नोंदी साचल्या की सेवामुक्तीची टांगती तलवार डोक्यावर येते.

समरी कोर्ट मार्शल नावाचा प्रकार तर मुद्दाम लक्षात घेण्याजोगा आहे. त्यात कमांडिंग ऑफिसर एकटाच न्यायालय असतो. सोबत दोन अधिकारी वा कनिष्ठ अधिकारी बसतात, पण निर्णयात त्यांचा भाग नसतो. जवानाच्या मदतीला ‘आरोपीचा मित्र’ म्हणून कोणी तरी असतो. असे न्यायालय एक वर्षापर्यंतची कैद आणि बडतर्फी देऊ शकते आणि त्याच्या निकालाला वरिष्ठांच्या मंजुरीची गरज नसते, तो तात्काळ अमलात येतो. गुन्हा कबूल करणाऱ्याला आरोपाचे स्वरूप आणि कबुलीचे परिणाम नीट समजावून सांगावेत, असे नियमच सांगतो. पण आपल्याच पलटणीच्या प्रमुखापुढे उभा राहिलेला पंचविशीतला जवान ती कबुली कोणत्या मनःस्थितीत देतो, हा प्रश्न उरतोच.

फाटकावरची नोकरीही नाही

आता दाखल्याचे परिणाम. केंद्र सरकारी नोकऱ्यांमधील ‘माजी सैनिक’ या संज्ञेची जी व्याख्या १९७९ च्या नियमांत आहे, तिच्यानुसार मुदत संपून उपदानासह सुटलेला जवान माजी सैनिक ठरतो. मात्र बडतर्फीने किंवा गैरवर्तनावरून सेवामुक्त झालेल्याला ती वगळते. साहजिकच आरक्षण, वयाची सवलत आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत मिळणारे साहाय्य यांचा मार्ग खुंटतो.

त्याहून जाचक तरतूद खासगी सुरक्षा संस्थांच्या २००५ च्या कायद्यात आहे. या कायद्याच्या दहाव्या कलमात दोन पोटकलमे लागोपाठ येतात. सुरक्षा रक्षक नेमताना सेनादलांत नोकरी केलेल्यांना प्राधान्य देता येईल, असे एक पोटकलम म्हणते. त्याच्या आधीचे पोटकलम मात्र सांगते, की सशस्त्र दलांतून गैरवर्तनाच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या कारणावरून बडतर्फ केलेल्या वा सेवा संपवलेल्या व्यक्तीला सुरक्षा रक्षक म्हणून ठेवता येणार नाही. ही बंदी किती वर्षांनी संपेल, याचा उल्लेख त्यात नाही. गैरवर्तन कोणते, सेवनाचे की विक्रीचे, असा भेदही नाही. दहा वर्षे सीमेवर पहारा दिलेला माणूस एका चुकीमुळे बदलापुरातील औषध कारखान्याच्या फाटकावर कायदेशीररीत्या बसू शकत नाही, असा याचा अर्थ होतो. मग तो नाव-गाव न विचारणाऱ्या ठेकेदाराकडे कमी पगारात राबतो किंवा घरी बसतो. व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्या माणसाला रिकामे बसवण्याइतका वाईट उपाय दुसरा नसेल.

एक कृत्य, दोन कायदे

या प्रश्नाची विसंगती समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. उल्हासनगरच्या एकाच गल्लीतील दोन तरुण. एक कारखान्यात कामाला, दुसरा सैन्यात, सुटीवर घरी आलेला. दोघेही एकाच संध्याकाळी अमली पदार्थाचे सेवन करताना सापडले. नागरी कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमानुसार सेवनाची शिक्षा पदार्थाप्रमाणे सहा महिने किंवा एक वर्ष इतकी मर्यादित आहे. पण त्याच कायद्यात दुसरीही दारे आहेत. चौसष्ट-अ हे कलम म्हणते, की सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने सरकारमान्य केंद्रात उपचार घेईल, तर त्याच्यावर खटला चालणार नाही. उपचार अर्धवट सोडल्यास मात्र हे संरक्षण काढून घेता येते. एकोणचाळिसावे कलम न्यायालयाला व्यसनी आरोपीस उपचारासाठी सोडण्याचा अधिकार देते. एरवी या कायद्यातील दोषींना परिवीक्षेचा लाभ नाकारलेला असला, तरी केवळ सेवनाच्या दोषींना तो खुला ठेवला आहे. आणि परिवीक्षेवर सुटलेल्यास दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता चिकटत नाही, असे १९५८ चा परिवीक्षा कायदा सांगतो.

म्हणजे कारखान्यातील तरुणाला कायदा रुग्ण म्हणून पाहू शकतो. त्याने उपचार घेतले, तर पाच वर्षांनी त्याच्या नावामागे काही उरणार नाही, अशी शक्यता आहे. जवानाच्या बाबतीत प्रकरण लष्करी शिस्तीच्या वाटेने गेले, तर त्याची नोकरी, निवृत्तिवेतन आणि माजी सैनिक ही ओळख या तिन्ही गोष्टी जाऊ शकतात. त्यानंतर तो व्यसनमुक्त होऊन दहा वर्षे नेकीने जगला, तरी दाखल्यावरचे कारण बदलत नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने मद्य आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजाराच्या व्याख्येत केला आहे. देशाचा कायदा जिला आजार म्हणतो, तिला सेवेच्या दाखल्यावर केवळ गैरवर्तन म्हणून कायमचे गोठवावे काय, हा खरा प्रश्न आहे.

यात आणखी एक अडचण आहे. अपंगत्व निवृत्तिवेतनाच्या पात्रतेचे नियम मद्य, तंबाखू वा अमली पदार्थांच्या अतिरेकातून आलेल्या अपंगत्वाला भरपाई नाकारतात. कारण ती गोष्ट माणसाच्या स्वतःच्या हातातली मानली जाते. तेव्हा व्यसन हा सेवेच्या ताणाचा परिणाम आहे, असे सांगून त्या बाजूने दाद मागणेही कठीण होते.

दाद मागण्याच्या वाटा

दाखल्यावरील कारण बदलून घेण्यासाठी भारतात स्वतंत्र मंडळ नाही. जे आहे ते मूळ आदेशाविरुद्धचे अपील. समरी कोर्ट मार्शलची कागदपत्रे वरिष्ठ कमांडरकडे जातात आणि प्रकरणाच्या गुणवत्तेवर तो निकाल रद्द किंवा शिक्षा कमी करू शकतो. सेना न्यायालयाच्या निकालाविरुद्ध एकशे चौसष्टाव्या कलमाखाली वरिष्ठ अधिकारी, लष्करप्रमुख किंवा केंद्र सरकारकडे अर्ज करता येतो. सेवाविषयक इतर अन्यायासाठी जवानाला सव्विसाव्या कलमाखाली तक्रार करता येते.

त्यापुढची पायरी सशस्त्र दल न्यायाधिकरणाची. सेना न्यायालयांच्या निकालावर एकही अपील नसावे, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने पृथिपालसिंग बेदी प्रकरणात १९८२ सालीच खंत व्यक्त केली होती. प्रत्यक्ष कायदा २००७ मध्ये झाला आणि न्यायाधिकरण २००९ मध्ये सुरू झाले. महाराष्ट्रातील जवानांसाठी मुंबईत खंडपीठ आहे. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. सबळ कारण दाखवल्यास उशीर माफ होऊ शकतो. न्यायाधिकरणाला शिक्षा कमी करण्याचा किंवा बदलण्याचा अधिकार आहे. न्यायाधिकरणाच्या निर्णयाची उच्च न्यायालयातही तपासणी होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये परशोत्तम दास प्रकरणात स्पष्ट केले. त्यामुळे अंबरनाथच्या माणसाला दिल्लीऐवजी मुंबईतच पुढची दाद मागता येते.

या वाटेने काय साधते, हे काही निकालांवरून कळते. १९८७ च्या रणजित ठाकूर प्रकरणात जेवण घेण्याचा हुकूम न मानल्यावरून एका सिग्नलमनला एक वर्षाची कैद आणि बडतर्फी झाली होती. ज्या अधिकाऱ्याविरुद्ध त्याने तक्रार केली होती, तोच न्यायासनावर होता. सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द करताना ती गुन्ह्याच्या प्रमाणात असली पाहिजे, हे तत्त्व ठामपणे मांडले. १९९१ चे नाईक सरदारसिंग यांचे प्रकरण आपल्या विषयाच्या अधिक जवळचे आहे. सुटीवर गावी जाताना लष्करी कँटीनमधील दारूच्या बाटल्या परवानगीपेक्षा जास्त नेल्याबद्दल त्यांना तीन महिन्यांची सक्तमजुरी आणि बडतर्फी झाली होती. ही शिक्षा अतिशय कठोर ठरवून न्यायालयाने ती रद्द केली आणि सौम्य शिक्षेसाठी प्रकरण परत पाठवले.

सर्वांत महत्त्वाचा निकाल वीरेंद्रकुमार दुबे प्रकरणातील, ऑक्टोबर २०१५ चा. चार लाल नोंदी झाल्या म्हणून जवानाला आपोआप काढता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. त्यासाठी न्यायालयाने लष्कराच्याच मुख्यालयाने २८ डिसेंबर १९८८ रोजी घालून दिलेल्या कार्यपद्धतीचा आधार घेतला. आधी निष्पक्ष चौकशी व्हावी, प्रत्येक नोंदीमागील गुन्ह्याचे स्वरूप पाहावे, जवानाची दीर्घ सेवा आणि त्याने भोगलेली खडतर ठाणी लक्षात घ्यावीत आणि निवृत्तिवेतनाच्या उंबरठ्यावर असलेल्याशी कठोरपणे वागू नये, असा त्या कार्यपद्धतीचा आशय आहे. न्यायालयाने दुबे यांना परत कामावर घेतले नाही, मागचा पगारही दिला नाही. मात्र निवृत्तिवेतनाइतकी सेवा पूर्ण होईपर्यंत ते सेवेत होते असे मानून लाभ देण्याचा आदेश दिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये एका कर्नलच्या प्रकरणात न्यायाधिकरणाने बडतर्फीऐवजी लाभांसह सक्तीची निवृत्ती दिली होती, तीही सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली.

पण याच वाटेवर निराशाही आहे. २०१९ च्या सतगुरसिंग प्रकरणात जवानाला नोटीस देऊन त्याचे उत्तर विचारात घेतले होते, म्हणून न्यायालयाने सेवामुक्ती योग्य ठरवली. या सर्व निकालांचा एकत्रित अर्थ असा, की न्यायालय प्रक्रिया चुकली काय आणि शिक्षा अवाजवी होती काय, हे पाहते. शिक्षेनंतर माणूस सुधारला काय, हा प्रश्न त्याच्यापुढे येतच नाही. ज्याची चौकशी नियमानुसार झाली आणि ज्याने खरोखरच सेवन केले होते, त्याला या व्यवस्थेत पुढे कधीही काही मागता येत नाही.

अमेरिकेने काय केले

दुसऱ्या महायुद्धानंतर परतणाऱ्या सैनिकांसाठी अमेरिकेने १९४४ मध्ये जो कायदा केला, त्यातच सेवामुक्तीचा फेरविचार करणारी मंडळे होती. तेथे सेवामुक्तीच्या पाच प्रती आहेत. सन्मानपूर्वक पासून ते अप्रतिष्ठेची पर्यंत. सामान्यतः पंधरा वर्षांच्या आत सैनिक या मंडळाकडे आपली प्रत सुधारून मागू शकतो. सेना न्यायालयाच्या मोठ्या शिक्षांसाठी आणि मुदत उलटलेल्यांसाठी नोंदी दुरुस्त करणारे दुसरे मंडळ आहे. प्रतीबरोबरच कागदावर छापलेले कारणही बदलता येते आणि त्याजागी तटस्थ शब्द घालता येतात.

अमली पदार्थांच्या बाबतीत तेथील अनुभव विशेष बोलका आहे. व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैनिकांत हेरॉइनचा प्रसार झाला, तेव्हा १९७१ मध्ये मायदेशी परतणाऱ्यांची लघवी तपासण्यास सुरुवात झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संरक्षणमंत्री मेल्विन लेअर्ड यांनी आदेश दिला, की केवळ स्वतःच्या सेवनावरून ज्यांना कमी प्रतीची सेवामुक्ती मिळाली, त्यांच्या प्रकरणांचा फेरविचार व्हावा. विक्री करणाऱ्यांना ही सवलत नव्हती. संशोधक ली रॉबिन्स यांनी सप्टेंबर १९७१ मध्ये परतलेल्या सैनिकांचा मागोवा घेतला. सुमारे वीस टक्के सैनिकांनी तेथे व्यसन जडल्याचे सांगितले होते. पण मायदेशी आल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत पुन्हा व्यसनात अडकलेल्यांचे प्रमाण त्यांच्यापैकी सुमारे पाच टक्केच निघाले. परिस्थिती बदलली की माणूस बदलू शकतो, हे त्या अभ्यासाने दाखवले. पुढे २०१४ आणि २०१७ मध्ये तेथील संरक्षण खात्याने मानसिक आघात झालेल्या सैनिकांच्या अर्जांकडे उदारपणे पाहण्याच्या सूचना मंडळांना दिल्या. अशा आघातातून नशेकडे वळणे हा परिस्थितीचा भाग असू शकतो, असे त्या सूचना मानतात.

ही पद्धत निर्दोष आहे असे नव्हे. अर्ज वर्षानुवर्षे रेंगाळतात आणि कागदपत्रे गोळा करणे सैनिकाला जड जाते. तरीही ‘आता मी कोण आहे’ हे सांगण्याची जागा तेथे आहे.

शिस्तीचा आक्षेप

या मागणीवर लष्कराच्या बाजूने येणारा आक्षेप हलका नाही. शस्त्र हाती असलेल्या माणसाची शुद्ध हरपणे म्हणजे शेजारच्या बराकीतील दहा जणांचा जीव धोक्यात घालणे. सीमावर्ती भागांत अमली पदार्थांचा व्यापार आणि शत्रूची हेरगिरी यांचे धागे एकत्र गुंतलेले असतात. व्यसनी जवान हा फितवण्यास सोपा जवान. म्हणूनच घटनेच्या तेहतिसाव्या अनुच्छेदाने सैनिकांच्या मूलभूत अधिकारांवर मर्यादा घालण्याची मुभा संसदेला दिली आहे. विक्री, वाहतूक किंवा शस्त्रासह नशा या बाबतींत कोणतीही दयामाया नको, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही.

परंतु फेरविचाराची मागणी या शिस्तीला धक्का देत नाही. काढलेल्या जवानाला पुन्हा पलटणीत घ्या, असे ती म्हणत नाही. लष्कराने आपला निर्णय घेतला, तो अमलात आला, शिस्तीचा हेतू साधला. त्यानंतर पाच वा दहा वर्षांनी तो माणूस अंबरनाथमध्ये कोणती नोकरी करतो, याच्याशी पलटणीच्या शिस्तीचा संबंध उरत नाही. उलट, शिक्षेला शेवट नसेल, तर व्यसनात सापडलेला जवान ते अखेरपर्यंत लपवील. उपचार मागितले तर आयुष्यभराचा शेरा मिळेल, या भीतीने लपवलेली नशा पलटणीला अधिक धोक्याची आहे.

हा प्रश्न येत्या काळात वाढणार आहे. २०२२ च्या अग्निपथ योजनेखाली भरती झालेले तरुण चार वर्षांनी बाहेर पडणार, त्यांपैकी चतुर्थांशापर्यंतच कायम होणार. त्यांना निवृत्तिवेतन वा माजी सैनिकाचा दर्जा नाही. बाविशी-पंचविशीत परतणाऱ्या या मुलांची खरी कमाई म्हणजे सेवानिधीची रक्कम आणि हातातला दाखला. ते ज्या मुंबई-ठाणे पट्ट्यात परततील, तेथे मेफेड्रोनसारखा पदार्थ पोलिसांच्या कारवायांत वारंवार सापडतो. अमली पदार्थांच्या कायद्यात तो आला तोच २०१५ मध्ये. एवढ्या कोवळ्या वयातील एका चुकीची नोंद साठीपर्यंत पुरावी काय, याचा विचार आताच व्हायला हवा.

काय करता येईल

पहिली गोष्ट, संरक्षण मंत्रालयाने सेवामुक्तीचा फेरविचार करणारे एक मंडळ स्थापावे. त्यात लष्करी अधिकाऱ्यांबरोबर एक मनोविकारतज्ज्ञ आणि एक निवृत्त न्यायिक अधिकारी असावा. केवळ सेवनावरून काढलेल्या जवानाला ठरावीक वर्षांनंतर तेथे अर्ज करता यावा. उपचाराचे प्रमाणपत्र, त्यानंतरची स्वच्छ वर्तणूक आणि आधीची सेवा ही त्याची कसोटी असावी. मंडळाला नोकरी परत देण्याचा अधिकार नसावा. मात्र दाखल्यावरील कारण तटस्थ शब्दांत बदलण्याचा आणि पात्र प्रकरणांत बडतर्फीचे सेवामुक्तीत रूपांतर सुचवण्याचा अधिकार असावा. तेविसावे कलम कारण लिहिण्यास सांगते, ते कधीच बदलू नये असे ते म्हणत नाही.

दुसरी गोष्ट, सेवनावरून काढण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी आणि उपचाराची एक संधी लेखी नियमाने बंधनकारक करावी. १९८८ च्या कार्यपद्धतीतील विवेक लाल नोंदींपुरता न ठेवता तो येथेही लागू व्हावा.

तिसरी गोष्ट, खासगी सुरक्षा संस्थांच्या कायद्यातील बंदीला कालमर्यादा घालावी आणि सेवन व विक्री यांत भेद करावा. यासाठी लष्करी कायद्याला हात लावण्याचीही गरज नाही.

चौथी गोष्ट तर आजही करता येण्याजोगी आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी ‘वीर परिवार सहायता योजना’ सुरू केली असून सैनिक कल्याण कार्यालयांत कायदेविषयक मदत केंद्रे उभारण्याची तिची कल्पना आहे. गैरवर्तनावरून काढलेल्यांनाही या केंद्रात सल्ला मिळेल, असे स्पष्ट आदेश निघावेत. सहा महिन्यांची मुदत कधी सुरू झाली, कोणत्या कागदांच्या प्रती मागवाव्यात, उशिराची माफी कशी मागावी, एवढे वेळेवर कळले, तरी अनेकांची वाट वाचेल. आज ज्याच्या हाती नुकताच असा दाखला पडला आहे, त्याने लाजेखातर तो पेटीत टाकू नये. कारणे दाखवा नोटीस, तिला दिलेले उत्तर, आरोपपत्र आणि निकालाची प्रत सांभाळावी आणि सहा महिने संपण्याच्या आत जाणकार वकिलाला दाखवावी. कबुलीजबाब नोंदताना काय समजावले गेले, चौकशी झाली की नाही आणि शिक्षा कृत्याच्या मानाने किती होती, हे तीन प्रश्न त्या कागदांतूनच सुटतात.

कॅम्पमधील बराकींमध्ये एकेकाळी सैनिक राहिले आणि पुढे तेथेच सर्वस्व गमावलेल्या माणसांनी नव्याने संसार उभारले. सरकारने त्यांना त्यासाठी जागा दिली म्हणून ते शक्य झाले. ज्याने आपली काही वर्षे देशाला दिली आणि मग पाय घसरून सारे गमावले, त्यालाही उपचार घेऊन, वर्षे घालवून, पुराव्यानिशी पुन्हा उभे राहण्याची एक जागा सरकारने द्यायला हवी. संसदेची संरक्षणविषयक स्थायी समिती हा विषय केव्हाही हाती घेऊ शकते. ठाणे जिल्ह्याच्या खासदारांनी तो तिच्यापुढे मांडला, तर सुरुवात येथून होईल.